साखर रक्तात, घात गुठळीचा
(माण, ता. मुळशी येथील बैठकीतील भाषण)



या माणच्या शिवारात भातखाचरे होती, तिथे आज हिंजवडीच्या आयटी पार्कच्या इमारती आहेत. त्या पाहून कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू भागातल्या माणसाला वाटते, मधुमेह हा या खुर्चीवर बसणाऱ्यांचा रोग. औतामागे चालणाऱ्याला तो कशाला होईल?

हा समज आधी सोडला पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथले मूल जन्मतः सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडातले ३.५ किलोचे. पण आपल्या मुलाच्या अंगात मांस कमी आणि वजनाच्या मानाने चरबी जास्त. वरून हडकुळा, आतून चरबीचा, असा आपला देह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. ते सगळे काही शेठ-सावकार नाहीत.

आता मुद्द्याचे. मधुमेही माणूस बहुतेक वेळा दगावतो तो हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून. ही गुठळी कशी होते?

डेंगूमुळे प्लेटलेट हा शब्द गावोगाव पोचला आहे. एका घन मिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि त्या आठ-दहा दिवस जगतात. बांध फुटला की गडी दगडमाती घेऊन धावतात, तसे यांचे काम. जखम झाली की तिथे चिकटायचे, बाकीच्यांना हाक मारायची आणि भगदाड बुजवायचे. प्लेटलेटचे आवरण स्निग्ध पदार्थांचे असते. त्यातूनच एक आम्ल सुटते, त्याचे थ्रॉम्बॉक्सेन बनते. हीच ती हाक.

साखर सतत वाढलेली राहिली की ती या आवरणातल्या प्रथिनांना चिकटते. आवरणातल्या स्निग्धांचे प्रमाण बिघडते, त्याचा लवचिकपणा जातो, थ्रॉम्बॉक्सेन जास्त बनते. मग जरासे निमित्त पुरते. बांध फुटलेला नसतानाही गडी दगड टाकू लागतात आणि पाटच बुजतो. त्यात रक्तातली चरबी वाढलेली, दाब वाढलेला आणि वर विडी-तंबाखू असली, तर विचारायलाच नको.

अ‍ॅस्पिरिनची गोळी ही हाक बंद करते, हे जॉन व्हेन यांच्या १९७१ च्या संशोधनातून उलगडत गेले. म्हणून दुकानातून गोळी आणून रोज घ्यायची का? नाही. हृदयविकार नसलेल्या १५,४८० मधुमेहींवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१८ साली आला. झटके थोडे कमी झाले, पण मोठे रक्तस्राव वाढले. नफा-तोटा जवळजवळ सारखाच. एकदा झटका येऊन गेलेल्याला डॉक्टर ही गोळी देतात, ती मात्र मनाने बंद करायची नाही.

जवसाची चटणी जरूर खा, पण तिला औषध समजू नका. ज्वारीची भाकरी चांगली, पण तिच्यातही पिष्ट आहे. चार भाकरींनी साखर वाढणारच.

पायाकडे लक्ष द्या. मधुमेहात पाय बधिर होतो आणि त्याचा रक्तपुरवठाही कमी पडतो. ज्वारीचे धसकट किंवा पऱ्हाटीचा खुंट रुतलेला कळत नाही. कळते तेव्हा बोट काळे पडलेले असते. कोरडवाहू शेतकऱ्याचा पाय गेला की हंगाम जातो, मागून बैल जातात, मग जमीन. म्हणून अनवाणी रानात जायचे नाही आणि रोज रात्री दिव्याखाली तळवे पाहायचे.

छातीत दाटून आले, घाम फुटला, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासणे हे सरकारी कार्यक्रमातच आहे. ते कोणाचे उपकार नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात गावाने मिळून जावे आणि आपले आकडे लिहून आणावेत. पुढच्या जिल्हा बैठकीत आम्ही गाववार विचारणार आहोत: तपासणी किती जणांची झाली, आणि केंद्रावर औषध मिळाले की चिठ्ठी?