जाळ्यासकट नोंद
(चक्राकार जाळी विणणाऱ्या कोळ्यांवरील अभ्यासपरिषदेत सावंतवाडी येथे केलेले स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागताध्यक्षाने मंडप, जेवण आणि झोपण्याची सोय पाहावी, चार शब्द बोलावे आणि खाली बसावं, असा रिवाज आहे. मंडप उभा आहे, जेवणात सोलकढी आहे, खोल्यांच्या चाव्या नोंदणीच्या टेबलावर आहेत. चार शब्दांच्या बाबतीत मात्र मी थोडी सूट घेणार आहे. मी काजू-सुपारीचा बागायतदार. ज्यांच्यावर आपण तीन दिवस बोलणार आहात, ते माझ्या बागेत भाडं न देता राहतात.

परिषद आश्विनातच घ्यायची, असा संयोजकांचा आग्रह होता आणि तो रास्त होता. कोळ्याची जात ठरवायची तर तो पूर्ण वाढलेला लागतो. पिल्लू हाती आलं, तर तज्ज्ञसुद्धा प्रजातीपाशी थांबतात. पाऊस ओसरला की आमच्याकडे माद्या भरतात. सुपारीच्या दोन ओळींमधल्या वाटेवर बरोबर तोंडाच्या उंचीला पिवळसर, सोनेरी झाक असलेलं जाळं आडवं येतं. ही नेफिला पिलिपिस. मादीचं नुसतं धड तीन ते पाच सेंटीमीटर, पाय धरले तर तळहात भरून जाईल. नर मात्र जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. नवख्याला तो तिचं पोरच वाटतो. कडेला आर्जायरोडिसचे चंदेरी थेंबांसारखे कोळी बसलेले असतात, तिच्या शिकारीवर फुकट जेवायला. असे पाहुणे आमच्याकडच्या पंगतींतही असतात, त्यामुळे त्यांचं मला नवल वाटत नाही.

त्याच वाटेवर, झाडाच्या खोडाला चपटं चिकटून हेरेनिया मल्टिपंक्टा बसते. नेफिलाची ही सख्खी नातलग, पण हिचं जाळं खोडालगत, उभं, शिडीसारखं. खाली गवतात आर्जिओपी पायांच्या जोड्या जुळवून फुलीसारखी बसते आणि जाळ्यात रेशमाची पांढरी नागमोडी नक्षी काढते. ती नक्षी पक्ष्यांना इशारा म्हणून, भक्ष्याला भुलवायला की आणखी कशासाठी, यावर तुमचं अजून एकमत नाही. झुडपांत गॅस्टराकँथा, काटेरी कवचाची. कुंपणावर सिर्टोफोराचा आडवा तंबू. त्याला चिकट धागाच नाही. आणि सायक्लोसा खाल्लेल्या किड्यांची सालपटं जाळ्यात एका रेषेत लावून स्वतः त्यात बसते. कचरा कुठला आणि कोळी कुठला ते ओळखू येत नाही. अरॅनिडे हे कुळ तीन हजारांहून अधिक जातींचं आहे असं पुस्तकात वाचलं, तेव्हा आकडा मोठा वाटला होता. बागेत उतरल्यावर तो मोठा वाटत नाही.

या सगळ्याला नावं कुणी दिली? कोळ्यांच्या बाबतीत तुम्ही मंडळींनी लिनियसलाही मागे टाकलंत, हे मला फार आवडतं. प्राण्यांची शास्त्रीय नावं लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात. अपवाद एकच: स्वीडनच्या कार्ल क्लार्कचा १७५७ चा कोळ्यांवरचा ग्रंथ. युरोपातल्या बागांमधला अरॅनिअस डायडेमाटस आजही क्लार्कच्या नावावर आहे. याच जातीच्या दोन माद्या, अरॅबेला आणि अनिटा, १९७३ मध्ये स्कायलॅबमधून अंतराळात गेल्या आणि वजनरहित अवस्थेतही त्यांनी जाळी विणली. आमच्या नेफिलाचं नामकरण लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने १७९३ मध्ये केलं. पुढे १९०० साली पोकॉक यांनी ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसंपदेच्या मालेत कोळी-विंचवांचा खंड लिहिला. हिंदुस्थानी कोळ्यांचं बारसं बराच काळ परदेशी कपाटांत होत होतं. ते इकडे आणणाऱ्यांत बी. के. टिकादार यांचं नाव अग्रभागी. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या मालेतला त्यांचा अरॅनिडेवरचा खंड १९८२ चा. महाराष्ट्रातल्या कोळ्यांवर त्यांनी त्याआधीपासून लिहिलं होतं. त्यांच्या खांद्यावर उभं राहून त्यांच्या चुका काढणारे अभ्यासक आज समोर बसले आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

आता वर्गीकरणाकडे वळतो, जरा बिचकतच. आमच्या या नेफिलाचे पत्ते किती वेळा बदलले ते पाहा. आधी ती अरॅनिडेत होती. मग तिला लांब जबड्यांच्या टेट्राग्नॅथिडेत नेलं. २००६ मध्ये तिला नेफिलिडे हे स्वतंत्र घर मिळालं. दहाएक वर्षांत ते मोडून तिला परत अरॅनिडेत आणलं आणि २०१९ मध्ये पुन्हा वेगळं काढलं. त्याच वेळी तिच्या कित्येक बहिणींना ट्रायकोनेफिला या प्रजातीत पाठवलं. वाद अजून चालू आहे आणि उद्याच्या दुसऱ्या सत्रात तो रंगणार असं ऐकतो. गावकऱ्यांना यात गोंधळ दिसतो. मला त्यात अभ्यास जिवंत असल्याची खूण दिसते. ज्या वहीत खाडाखोड नाही तिथे कुणी फेरतपासणी केलेली नसते.

त्याहून मोठी उलथापालथ जाळ्याचीच झाली. आडवा पहिला धागा वाऱ्यावर सोडायचा, चौकट बांधायची, मधून आरे काढायचे, आतून बाहेर तात्पुरती वळणं घालायची आणि मग बाहेरून आत चिकट वळणं घालत ती तात्पुरती वळणं उचलून टाकायची: इतकी गुंतागुंतीची कारागिरी दोनदा स्वतंत्रपणे कशी निर्माण होईल? म्हणून गोल जाळं विणणारे सगळे एकाच वंशाचे, असं बराच काळ मानलं गेलं. उलोबोरिडे कुळातले कोळीही तसंच गोल जाळं विणतात, पण चिकट थेंबांऐवजी मागच्या पायांनी पिंजलेलं कोरडं, लोकरी रेशीम वापरतात. शिवाय त्यांना विषग्रंथीच नसतात. २०१४ मध्ये जनुकीय माहितीच्या मोठ्या अभ्यासांत हे उलोबोरिड अरॅनिडेपेक्षा जमिनीवर धावणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या कोळ्यांना जवळचे निघाले. म्हणजे गोल जाळं एक तर फार प्राचीन असून अनेकांनी ते सोडून दिलं, किंवा खरोखरच दोनदा घडलं.

सोडून देणं किती टोकाला जातं याचं उदाहरण अरॅनिडेतच आहे. बोलास कोळी जाळं विणतच नाही. एका धाग्याच्या टोकाला चिकट गोळी, आणि मादी पतंगाच्या गंधाची नक्कल करून नर पतंगांना बोलावणं. या गटातली ऑर्डगेरियस ही प्रजाती भारतातही आहे.

माझं गाऱ्हाणं इथे सुरू होतं. तुमचं वर्गीकरण मादीच्या जननांगावर, नराच्या पाल्पवर आणि आता जनुकांवर चालतं. ते बरोबरच आहे. रंगावर विश्वासून ठेवलेली नावं किती फसली ते तुम्ही जाणता. पण नमुना अल्कोहोलच्या कुपीत गेला की सोनेरी रेशीम गेलं, जाळ्याची उंची गेली, ते आडवं होतं की उभं, रात्री विणलं की पहाटे, हे सगळं गेलं. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव उरतं. ज्या कोळ्यांना आपण त्यांच्या जाळ्यावरून ओळखतो, त्यांच्याच नोंदीत जाळं नसावं, हे माझ्या बागायतदारी बुद्धीला पटत नाही. सुपारी कुठल्या मातीत वाढली ते न लिहिता तिची जात सांगणाऱ्याला आम्ही व्यापारी म्हणतो.

आणि हे काम करायला माणसं आहेत. पश्चिम घाटाच्या कर्नाटकातल्या भागात सुकलेल्या पानासारखा दिसणारा एरिओविक्सिया ग्रिफिंडोरी सापडला आणि २०१६ मध्ये हॅरी पॉटरमधल्या टोपीवरून त्याला नाव मिळालं, तेव्हा आमच्या शाळेतल्या मुलांनी ती बातमी फलकावर लावली. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव मिळालेला आयसिअस तुकारामी उड्या मारणारा, म्हणजे तुमच्या विषयाबाहेरचा. पण त्याच्यामुळे कोळ्याकडे आदराने पाहणारी घरं या राज्यात वाढली. या मुलांच्या हाती आज कॅमेऱ्याचा फोन आहे. जाळ्यावर पीठ न उधळता, मागे काळं कापड धरून फोटो कसा घ्यायचा, एवढं त्यांना शिकवा. ओळख तुम्ही पटवा, जाळ्याची नोंद ती ठेवतील.

तेव्हा या परिषदेतून एक ठराव व्हावा अशी माझी विनंती आहे: महाराष्ट्र आणि गोव्यातून यापुढे जमा होणाऱ्या प्रत्येक नमुन्याबरोबर त्याच्या जाळ्याचा फोटो, जमिनीपासूनची उंची आणि वेळ लिहिली जावी, आणि त्या नोंदीचा तक्ता मराठीत छापून शाळांना द्यावा. छपाईचा खर्च स्वागत समिती उचलेल. आज रात्री जेवणानंतर बागेत फेरी आहे. टॉर्च आणि पायांत बूट हवेतच, कारण तिथे सापही राहतात.