ताम्रपट, पुराण आणि हातातला फोन



 नवी साधने माणसांस जवळ आणतात की दूर लोटतात, हा प्रश्न हल्ली घरोघर निघतो. त्याचा विचार आपल्या वाशीमपासूनच आरंभावा असे आम्हांस वाटते.

हे नगर प्राचीन काळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. त्या शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथेच सापडला. त्यात राजवंशाचे वर्णन संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. कुळाचा थोरपणा पंडितांच्या भाषेत गावा, पण जमिनीची गोष्ट लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत सांगावी, असे तेव्हाच्या कारकुनासही कळत होते!

पुढे गोव्यात असाच एक संगम घडला. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली तेथे आले आणि त्यांनी ख्रिस्तकथा मराठी ओवीत गुंफली. सुमारे ११,००० ओव्यांचा तो ग्रंथ म्हणजे 'ख्रिस्तपुराण'. कथा पॅलेस्टाइनची, छंद आपल्या मातीचा. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. परंतु देवनागरी खिळे नसल्याने १६१६ साली हे मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावे लागले. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. यंत्राने अशी मोठीच सेवा केली. तथापि नवल हे की, त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले, तरी पुराण बुडाले नाही. लोकांनी ते हाताने उतरून घेतले होते. मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांनी जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली ते पुन्हा छापले. देवनागरीत ते १९५६ साली आले.

आता आमच्या घरची गोष्ट, आणि ती सांगताना आम्हांस संकोच होतो. २०२० साली टाळेबंदी झाली. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण देवळाची दारे बंद ठेवून गेला. त्या दिवसांत फोनवर मिस्सा पाहावयास मिळाली. पुण्यास गेलेली मुले आणि येथील आईबाप एकाच वेळी प्रार्थनेस बसले. फोनचे हे उपकार आम्ही नाकारीत नाही. टाळेबंदी उठली, पण आम्ही सोयीला सोकावलो. लग्न, आजार, मृत्यू, सर्व निरोप फोनवरच्या गटात टाकू लागलो. दारोदार जाण्याची जुनी चाल आम्ही कार्यकर्त्यांनीच मोडली.

आपल्यातील एक वृद्ध गृहस्थ बटणांचा साधा फोन वापरतात. त्यांचे सोबती भजनात ढोलकी वाजवीत आणि हे झांज. ते सोबती वारले. निरोप गटात गेला, शंभर जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठविली, आणि दफनविधी पार पडला. रविवारी हे गृहस्थ देवळात आले, नेहमीच्या बाकावर सरकून बसले आणि शेजारी जागा धरून ठेवली. मिस्सा संपल्यावर त्यांनी आम्हांस विचारले, "आज तो आला नाही का हो?"

आम्ही काय उत्तर देणार? ते ऐकून ते रागावले नाहीत. "माती द्यायला तरी बोलवायचं होतं, भाऊ," इतकेच म्हणाले. रागावले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून निरोप गटात जातो आणि सोबत एक मुलगाही दारोदार जातो. मुले प्रथम कुरकुरली. उन्हाळ्यातले आपले ऊन कोणास गोड वाटते? पण त्या वृद्धांच्या घरी एकदा गेलेला मुलगा अर्ध्या तासाच्या आत परतत नाही. दोघा सोबत्यांनी मिळून लिहिलेली भजनांची वही त्यांच्यापाशी आहे. मुलांनी तिच्या पानांची छायाचित्रे काढून पुण्याच्या मंडळींस धाडली. तिकडून विचारणा आली की शब्द मिळाले, चाल कोणती? म्हणून आता शनिवारी सायंकाळी ते गृहस्थ झांज घेऊन देवळाच्या ओट्यावर बसतात, आणि फोन समोर धरून एक मुलगा उभा असतो. ढोलकीस मात्र अद्याप कोणी मिळालेले नाही.