खाटेपुरते शहर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



परदेशी गेलेल्या माणसासाठी मराठीत दोन शब्दप्रयोग रूढ आहेत. शहरातला सुशिक्षित गेला की तो 'अनिवासी भारतीय' होतो. खेड, महाड, श्रीवर्धनकडचा तरुण गेला की तो नुसता 'गल्फला' असतो. पहिल्या शब्दात प्रतिष्ठा आहे, बँकेतील ठेवींवरच्या सवलती आहेत, लग्नाच्या बाजारातले मोल आहे. दुसऱ्यात केवळ एक पत्ता आहे आणि तोही अपुरा. वस्तुतः दोघेही आपली श्रमशक्ती परक्या देशात विकणारेच. मग हा भेद पडतो कोठे? त्याचे उत्तर शोधायचे तर या माणसांच्या रोजच्या जगण्याकडे पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी दुबईइतके बोलके शहर दुसरे नाही. संयुक्त अरब अमिरातीत ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. दुबईत तर दर दहा रहिवाशांपैकी सुमारे नऊ परदेशी आहेत. यजमान मूठभर आणि पाहुणे लाखो, असे हे शहर आहे.

मुंबईला हे शहर कधीच परके नव्हते. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली खास आखातासाठी रुपयाच्या वेगळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत दुबईच्या बाजारात रुपयाच चालत होता. डिसेंबर १९७१ मध्ये अमिराती एकत्र आल्या, १९७३ साली दिरहम हे चलन आले आणि त्याच वर्षी जगात तेलाचे भाव भडकले. दुबईपाशी स्वतःचे तेल तुलनेने थोडे. तिने १९७२ साली रशीद बंदर उघडले, १९७९ साली जबल अली बंदर उघडले, आणि पुढे व्यापार, जमीन व बांधकाम यांवर आपले भवितव्य उभारले. बांधकामाला हात लागतात. ते हात तेथे नव्हते. समुद्राच्या अलीकडे मात्र रिकामे हात विपुल होते.

हे हात राहतात कोठे? शहराच्या कडेला मुहैस्ना नावाचा भाग आहे. कामगारांच्या तोंडी त्याचे नाव सोनापूर. मुंबईकर हे नाव ऐकून दचकतो, कारण मुंबईत सोनापूर म्हणजे स्मशान. तेथे मात्र 'सोन्याचे गाव' एवढाच त्याचा अर्थ. अल कूझ आणि जबल अली येथेही अशाच कामगार वसाहती आहेत. एका खोलीत सहा, आठ, कधी त्याहून अधिक माणसे. भिंतीलगत लोखंडाच्या दुमजली खाटा. खाटेखाली पेटी, उशाशी मोबाईलची तार, आणि खाटेभोवती दोरीवर टाकलेली चादर. त्या चादरीच्या आत जेवढी जागा उरते तेवढेच त्या माणसाचे खासगी आयुष्य.

त्याचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. न्हाणीपुढे रांग लागते. आदल्या रात्री सामाईक स्वयंपाकघरात केलेला भात आणि डाळ डब्यात भरून तो बसमध्ये बसतो आणि कामाच्या जागी पोहोचेपर्यंत राहिलेली झोप बसमध्येच काढतो. कायद्याने काम आठ तासांचे. पण मूळ पगारात भागत नाही म्हणून जादा कामाची वाट कामगार स्वतःच पाहतो. ही त्याची हौस नव्हे, पगाराच्या रचनेने त्याच्यावर लादलेली गरज होय. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. हा नियम चांगलाच आहे. परंतु सकाळी अकराचे ऊन तेथे काय असते, हे सळई हातात धरणाऱ्यालाच ठाऊक. संध्याकाळी परत आल्यावर कपडे धुणे, पाळीप्रमाणे स्वयंपाक, आणि मग घरचा फोन. इंटरनेटवरून फुकट बोलण्यावर तेथे दीर्घकाळ निर्बंध राहिले असल्याने घरच्यांशी चार शब्द बोलण्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

सुटीचा एक दिवस. त्या दिवशी तो शहरात येतो, एक दिरहम देऊन अब्रा नावाच्या होडीतून खाडी ओलांडतो, पैसे पाठवणाऱ्या दुकानापुढे रांगेत उभा राहतो आणि गाववाल्यांबरोबर एखाद्या मोकळ्या जागी बसून येतो. ८२८ मीटर उंचीची बुर्ज खलिफा २०१० साली खुली झाली. ती बांधणाऱ्यांत दक्षिण आशियातील हजारो कामगार होते, आणि मार्च २००६ मध्ये वेतन व वागणुकीच्या प्रश्नावर त्याच जागी कामगारांचा उद्रेकही झाला होता. आज त्या इमारतीच्या वरच्या सज्जात जाण्याचे तिकीट साध्या मजुराला काही दिवसांच्या मजुरीएवढे पडते.

वसाहतीबाहेर राहणाऱ्यांची स्थिती फार निराळी आहे असे समजण्याचे कारण नाही. देरा, करामा या जुन्या भागांत दुकानातले विक्रेते, कारकून, वाहनचालक यांच्यासाठी 'बेड स्पेस' भाड्याने मिळते. येथे घर भाड्याने मिळत नाही, खोलीही मिळत नाही; खाट मिळते. एका दिवाणखान्याचे प्लायवूडचे आडोसे लावून चार भाग करतात. २०२५ च्या उन्हाळ्यात नगरपालिकेने अशा बेकायदा आडोशांविरुद्ध मोहीम काढली. आगीचा धोका खरा होता. परंतु आडोसे निघाले म्हणून पगार वाढला नाही. खाट फक्त एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या माणसाला कुटुंब बरोबर का नेता येत नाही? २०१९ च्या नियमाप्रमाणे पत्नी-मुलांना तेथे ठेवायचे तर दरमहा किमान ४,००० दिरहम पगार हवा, किंवा मालकाने घर दिले असेल तर ३,०००. भेदाची रेषा येथे आखली गेली आहे. या रेषेवरचा माणूस संसार करतो, मुलांना शाळेत घालतो, मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीला उभा राहतो. रेषेखालचा माणूस खाटेवर निजतो.

हा नियम केवळ कठोर आहे असे म्हणून थांबता येणार नाही, कारण त्यामागे एक अर्थशास्त्र आहे. कोणत्याही समाजात मजुरीने दोन गोष्टी भागाव्या लागतात. कामगाराने उद्या पुन्हा कामावर येणे, ही पहिली. कामगाराची पुढची पिढी वाढणे आणि थकल्यावर त्याला आधार मिळणे, ही दुसरी. दुबईतील मालक पहिल्याचा खर्च देतो. दुसऱ्याचा भार मंडणगडातल्या किंवा म्हसळ्यातल्या एखाद्या घरावर पडतो. तो तरुण अठरा-वीस वर्षांचा होईपर्यंत त्याला वाढवले गावाने, शिकवले जिल्हा परिषदेच्या शाळेने; आणि पंचावन्नाव्या वर्षी गुडघे गेल्यावर तो परत येणार तोही गावातच. ज्या श्रमशक्तीच्या निर्मितीचा खर्च एका देशाने करायचा आणि जिचा भर दुसऱ्या देशाने वापरायचा, ती स्वस्त पडली तर नवल नाही.

मराठी माणसाला ही रचना नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार असाच राहत होता. एका खोलीत पाळीपाळीने निजणारे वीस-पंचवीस गडी, खानावळीतले जेवण, गावी दरमहा मनीऑर्डर, आणि गणपतीला व शिमग्याला गावची वाट. परंतु दोहोंमध्ये एक मूलभूत फरक आहे. गिरणी कामगाराला संघटना करता येत होती, सभा भरवता येत होती, मत देता येत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप हरला. पण तो करण्याचा अधिकार त्यांना कोणाकडे मागावा लागला नव्हता. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियाही १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित झाल्या. दुबईच्या खोलीतही माणसे तितकीच दाटीने राहतात. पण तेथे युनियनला परवानगी नाही आणि काम बंद पाडणाऱ्याच्या पुढ्यात परतीचे तिकीट येऊ शकते. दाटी आहे, संघटना नाही. गिरणगावच्या खोलीतून चळवळ निघाली. सोनापूरच्या खोलीतून फक्त पैसे निघतात.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की तेथील कायदा जागच्या जागी राहिलेला नाही. २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची सक्ती आली. १९८० चा जुना कामगार कायदा जाऊन फेब्रुवारी २०२२ पासून नवा लागू झाला. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे बेकायदा आहे, जरी ते थांबलेले नाही. परंतु कायद्यातल्या एका शब्दाने केवढा फरक पडतो ते पाहा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांच्या आणि त्यानंतर दर वर्षी ३० दिवसांच्या वेतनाइतकी असते. मात्र हे वेतन म्हणजे 'मूळ' वेतन. उदाहरणादाखल, एकूण पगार १,२०० दिरहम आणि त्यातले मूळ वेतन ६०० असेल, तर दहा वर्षांची ग्रॅच्युइटी २५५ दिवसांची, म्हणजे ५,१०० दिरहम होते. २०२५ च्या अखेरच्या दराने हे सव्वा लाख रुपयेही नव्हते. उरलेले ६०० दिरहम 'भत्ता' म्हणून लिहिले गेले, तेवढ्याने अर्धी रक्कम गळाली. करारावर सही करताना हा भेद कोणी समजावून सांगत नाही.

रेषेवरच्या मध्यमवर्गीयालाही एक गोष्ट उमगलेली बरी. त्याची खाट रुंद आहे, एवढेच. त्याचे तेथील वास्तव्य बहुधा नोकरीला बांधलेले असते. घरभाडे पुढच्या तारखांचे धनादेश आगाऊ देऊन भरायचे, आणि २०२२ पूर्वी तो धनादेश वटला नाही तर तुरुंगाची भीती होती. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचे. मूल तेथेच जन्मले, तेथेच वाढले, तरी जन्माने त्याला नागरिकत्व मिळत नाही. हिशेबनीस आणि सळई बांधणारा यांची सुटीच्या दिवशी भेट होत नाही. पण दोघांच्याही ओळखपत्रावर मुदत संपण्याची तारीख छापलेली असते.

इकडे गावात काय घडते? रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांपैकी १९.२ टक्के अमिरातीतून आले, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा होता. यात अमेरिकेतील अभियंत्यांचे पैसेही आहेत, हे खरे. परंतु कोकणातल्या कित्येक गावांतील चिऱ्याची घरे, शाळेची फी आणि दवाखान्याची बिले दिरहमावर उभी आहेत. १९९७ साली एका दिरहमाला सुमारे १० रुपये मिळत. २०२५ च्या अखेरीस सुमारे २४. दिरहम डॉलरला बांधलेला असल्याने रुपया घसरला की खोलीत आनंद होतो. पण गावात तेल-डाळीचे भावही चढतात, आणि पगारवाढ मिळाल्याचा भास वर्षभरात विरून जातो. ज्या घरासाठी तो खाटेवर निजला, त्या घरात दोन वर्षांतून महिना-दीड महिना तो पाहुणा म्हणून राहतो. शेती, सासू-सासरे, मुले, बँक आणि तलाठी हे सारे त्याची बायको सांभाळते, आणि तिच्या कष्टाची नोंद कोणत्याही पाहणीत नाही.

मे २०२० मध्ये परतीची विमाने सुरू झाली, तेव्हा काम गेलेल्या या माणसांना तिकिटाचे पैसे स्वतः भरावे लागले. ज्यांनी वर्षानुवर्षे देशाच्या गंगाजळीत भर घातली त्यांच्यावर ही वेळ का आली? कारण राजकीय हिशेबात ते कोठेच नाहीत. तेथे त्यांना मत नाही. येथे २०१० च्या कायद्याने अनिवासी नागरिकाला मतदार होता येते. परंतु मत देण्यासाठी त्याने मतदानाच्या दिवशी स्वतः गावच्या केंद्रावर यायचे. ज्याला आईच्या अंत्यविधीला रजा मिळण्याची शाश्वती नाही, त्याला मतदानासाठी कोण सोडणार?

म्हणून चळवळीपुढे तीन कामे आहेत. पहिले काम मोजणीचे. १९८३ च्या कायद्याखाली सरकारी परवानगी लागते ती मुख्यतः दहावी न झालेल्यांना. दहावी झालेला तरुण या नोंदीतून सुटतो आणि आकड्यांत दिसतच नाही. केरळात १९९६ साली परदेशस्थांसाठी स्वतंत्र खाते झाले, १९९८ पासून स्थलांतराच्या पाहण्या होत आल्या, आणि २००८ च्या कायद्याने कल्याण निधी व निवृत्तिवेतन आले. महाराष्ट्रातही तेवढे झाले पाहिजे, आणि त्याची सुरुवात कार्यकर्त्याने आपल्या वाडीतली घरे मोजून करता येते.

दुसरे काम दलालांवर पहारा ठेवण्याचे. नोंदणीकृत दलालाला घेता येणारी कमाल रक्कम कर वगळता ३०,००० रुपये आहे. प्रत्यक्षात किती घेतले जातात आणि त्यासाठी कोणते दागिने गहाण पडतात, हे गावात सर्वांना माहीत असते. फक्त पावती कोणाकडे नसते. जाणाऱ्याचा करार वाचून दाखवणे, मूळ वेतन आणि भत्ता यांतला फरक सांगणे, आणि परवानगी घेऊन जाणाऱ्यांसाठी जो दहा लाखांचा विमा आहे त्याची पॉलिसी घरच्यांच्या हाती आहे की नाही हे पाहणे, एवढे प्रत्येक तालुक्यातल्या शाखेला सहज जमेल.

तिसरे काम मताचे. टपाली मतदानाची मागणी मुंबई-पुण्याच्या अनिवासी श्रीमंतांची म्हणून सोडून देणे ही चूक ठरेल. तिची खरी गरज खाटेवरच्या माणसाला आहे.

गिरणी कामगाराची खोली आता इतिहासजमा झाली आहे. तीच खोली समुद्रापलीकडे पुन्हा मांडली गेली असेल, तर तिच्या दारावर थाप मारण्याचे काम परक्या सरकारवर सोडून चालणार नाही. त्या खोलीचा दुसरा दरवाजा याच तालुक्यांत उघडतो.