लस झाली, नाकाचे काय?



 आमच्या अंबाजोगाईला रेल्वे नाही. आपल्यापैकी अनेक जण परळीला उतरून पुढे रस्त्याने आला असाल. तो रस्ता मात्र स्वागत समितीच्या अखत्यारीत नव्हता. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या गावात शास्त्र मराठीतून सांगण्याची रीत जुनी आहे, म्हणून मीही मराठीतच बोलतो. स्वामी रामानंद तीर्थांनी इथे शाळा चालवली आणि सत्तरच्या दशकात त्यांच्याच नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय इथे उभे राहिले. ग्रामीण भागाचा आजार ग्रामीण भागातच अभ्यासावा, हा त्यामागचा विचार. या परिषदेतला आपला विषय, म्हणजे निरोगी नाकातले जीवाणू, त्या विचाराची परीक्षा पाहणारा आहे.

न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जीवाणू निरोगी मुलाच्या नाकातही मुकाट राहतो आणि तिथूनच दुसऱ्याकडे जातो. त्यावरची लस 2017 मध्ये हिमाचल, उत्तर प्रदेश आणि बिहारपासून सरकारी लसीकरणात आली. 2021 मध्ये ती देशभर, म्हणजे आपल्याकडेही पोचली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तिचे तीन डोस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल दहा प्रकारांवर चालते आणि ज्ञात प्रकार शंभरावर आहेत. लस दहांना हुसकावते. रिकामी जागा उरलेले बळकावतात. अमेरिकेत 2000 मध्ये सात प्रकारांची लस आली, त्यानंतर 19ए हा तिच्यात नसलेला, औषधांना दाद न देणारा प्रकार फोफावला. 2010 च्या तेरा प्रकारांच्या लशीत त्याला घ्यावेच लागले. न्यूमोसिलमध्ये तो आहे, ही जमेची बाजू. म्हणून लशीवर शंका घेऊ नका. लस आजार टाळते, त्यामुळे प्रतिजैविकेही कमी लागतात. पण लस टोचली की नाकाकडे पाहायचे कारण संपले, असे समजणे मला भाबडेपणाचे वाटते.

आता आमच्या बीड जिल्ह्याचे पाहा. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार इथून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीचे कोयते, म्हणजे मजूर जोडपी, निघतात. मुलाचे पहिले दोन डोस गावात होतात आणि नऊ महिन्यांचा डोस येतो तेव्हा ते मूल सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात साखर कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, असते. कार्ड घरी पेटीत. कोपीत चुलीचा धूर आणि एकाच अंथरुणावर चार-पाच जण. जीवाणूला याहून सोयीची जागा कुठे मिळणार? पोराला खोकला आला की एक दिवस बुडवून दवाखान्यात जाणे परवडत नाही, मग मेडिकलवरून प्रतिजैविकाच्या दोन-तीन गोळ्या येतात. गोळी छातीसाठी घेतली तरी नाकातल्या जीवाणूंनाही लागते. दुबळे मरतात, चिवट उरतात आणि हंगाम संपल्यावर ते मुलाबरोबर गावी परततात. या आईबापांना दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालात दिसतात ते रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांचे जीवाणू. पुढे काय येणार याचा सुगावा निरोगी मुलाच्या नाकात लागतो. 

म्हणून अभ्यासकांना माझी विनंती आहे. त्याच मुलांच्या नाकातले नमुने मजुरांची टोळी निघण्याआधी आणि परतल्यावर, असे दोनदा घ्या. सोबत लसीकरणाचे कार्ड पाहा आणि मधल्या काळात घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे दाखवायला सांगा. नाव कुणाला आठवत नाही, पाकीट मात्र सापडते. नमुना थंड ठेवून वेळेत पोचवायची व्यवस्था आधी बसवा. या परिषदेतच त्याचा आराखडा ठरवा. गाडी, गावातली ओळख आणि टोळ्यांच्या मुकादमांशी बोलणे ही जबाबदारी आमची स्वागत समिती घेते.