फोनवरची अटक

दुपारची वेळ. घरची माणसे शेतावर, ओटीवर आजोबा एकटेच. फोन वाजतो. "पोलीस बोलतोय. तुमच्या नावावर गुन्हा आहे. फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका, पैसे तपासणीसाठी पाठवा!" जन्मभर सरकारी कागदाला मान देत आलेला माणूस घाबरतो आणि सांगितले तसे करतो.

म्हातारपणी बुद्धी फिरली, असे आपण म्हणतो. तसे नाही बरे! भय, घाई आणि गुपित अशा तीन पेडांचा हा फास वळलेला असतो. गुपिताचा पेड सुटला की फास ढिला पडतो. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून हेच सांगितले. तेव्हा फोन खुशाल ठेवा, शेजाऱ्याला हाक मारा.

पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा. वेळेत कळवले तर पुष्कळदा रक्कम वाटेतच अडवता येते. गुरुजी, हा क्रमांक फळ्यावर लिहा. मुले तो घरी नेतील.

आणि तरुणांनो, फसलेल्या वडिलांवर रागावू नका. बोलणी खावी लागतील या धास्तीने माणूस गप्प बसतो. भामट्याला तेवढेच हवे असते.