बाहुलीवर चुकायचं, बाळावर नाही

हेडफोन लावलेत ना? मग आज सुरुवात एका मिनिटापासून करू.

बाळ जन्मलं आणि रडलंच नाही, तर आपल्या हातात तेवढंच असतं. त्याला ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात. बाळाला कोरडं करायचं, पाठ चोळायची, आणि तरी श्वास नसेल तर त्या मिनिटातच बॅग-मास्कने हवा द्यायला लागायचं.

नर्सिंगला असताना हे मला तोंडपाठ होतं. लेखी परीक्षेत चांगले मार्कही पडले होते. मग मॅडमनी टेबलावर एक बाहुली ठेवली, निओनॅटली. आत पाणी भरलं की ती खऱ्या बाळासारखी जड आणि लुळी होते. नाळेची नाडी चालवायचा फुगा मॅडमच्या हातात.

घड्याळ सुरू झालं. मी मास्क लावला, बॅग दाबली. छाती हलेना. अजून जोरात दाबली. तरी नाही. मॅडमनी नाडी थांबवली. मला रडू फुटलं, चक्क बाहुलीसाठी!

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “पाणी पी. आता सांग, काय काय झालं?” बोलता बोलता माझं मलाच कळलं: मास्क नीट बसला नव्हता, हवा कडेने निसटत होती, आणि मान मी जास्तच मागे वाकवली होती. या बोलण्याला डीब्रीफिंग म्हणतात. खरं शिकणं तिथं होतं.

ही कल्पना जुनी आहे बरं का. फ्रान्समध्ये १७५९ साली पंधराव्या लुई राजाने मादाम दु कुद्रे या सुईणीला गावोगावी शिकवायला पाठवलं. ती कापड आणि चामड्याच्या पुतळ्यावर बाळंतपण शिकवायची. १९६० साली नॉर्वेच्या आस्मुंड लेअरडाल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने सीपीआर शिकायची ‘ॲन’ बाहुली आणली.

आता व्हीआर आलंय. २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, व्हीआरवर सराव केलेल्या शिकाऊ सर्जननी पित्ताशय यकृतापासून २९ टक्के लवकर सोडवलं, आणि चुकाही कमी केल्या. पण मास्क घट्ट धरायचा अंदाज नुसता गॉगल लावून येत नाही. त्याला हातच लागतात. आणि सराव सुटला की हात विसरतात.

पुढे एका नाइट ड्युटीला खरं बाळ आलं, निळसर, गप्प. माझे हात थरथरत होते, पण मास्क बरोबर बसला. छाती वर आली. थोड्या वेळाने बाळ रडलं.

तेव्हा नर्सिंग, मेडिकलवाल्या दोस्तांनो, तुमच्या कॉलेजच्या स्किल लॅबला कुलूप असेल तर चावी मागा. लाजू नका. तिथं हव्या तितक्या चुका करा. बाहुली पुन्हा जिवंत होते.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!