पेरणारा एक, पैसे दुसऱ्याला

मी आदिलाबादचा. घरात मराठी, बाजारात तेलुगू. पैनगंगेच्या अलीकडे आमचा जिल्हा, पलीकडे यवतमाळ. दोन्हीकडे कपाशीच. आज मला एकच प्रश्न विचारायचा आहे. सरकार शेतकऱ्याच्या खात्यात पैसे टाकतं, तेव्हा सरकारच्या लेखी शेतकरी म्हणजे कोण?

मे २०१८ मध्ये तेलंगणात 'रयतू बंधू' आली. एकरी ४,००० रुपये, वर्षातून दोन हंगाम. पुढे ते ५,००० झाले. पेरणीआधी बी-खताला पैसा हाती, सावकाराचं दार टळावं, हा हेतू चांगलाच होता. पण पैसे मिळाले ते ज्याच्या नावावर जमीन, त्याला. कितीही एकर असली तरी.

आता हिशोब करा. दहा एकरांचा मालक शहरात राहतो, शेत दुसऱ्याला खंडानं दिलंय. पहिल्याच वर्षी त्याला सरकारचे ८०,००० रुपये, शिवाय खंड. आणि जो पेरतो, फवारतो, पाऊस फिरला की कर्जात बुडतो, त्याला शून्य. त्याच वर्षी शेतकऱ्यांसाठी ५ लाखांचा 'रयतू बीमा' आला. तोही जमीन नावावर असलेल्यालाच. म्हणजे खंडकरी मेला, तर कागदावर शेतकरी मेलाच नाही!

नदीपलीकडे वेगळं आहे का? नाही. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि महाराष्ट्राच्या 'नमो शेतकरी'चे ६,००० सातबारा पाहूनच मिळतात. नवऱ्याच्या नावावरची जमीन जन्मभर कसणारी बाईही त्यात बसत नाही.

मग मालक कागद का करून देत नाही? त्याला कूळ कायद्याची धास्ती आहे. नाव लागलं की जमीन गेली, असं त्याला वाटतं. ही भीती उगाच म्हणून झटकून चालणार नाही. तिच्यावर उपाय हवा.

तो आंध्र प्रदेशानं २०१९ च्या कायद्यात शोधला. पीक कसणाऱ्याला ११ महिन्यांचं कार्ड. त्यावर पीककर्ज, विमा, मदत मिळावी. मालकी हक्काला मात्र धक्का नाही. अडचण एवढीच की कार्डासाठी मालकाची सही लागते, आणि तिथंच गाडी अडते. ओडिशाच्या 'कालिया' योजनेनं तर वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबांनाही मोजलं. म्हणजे इच्छा असेल तर यादी बदलता येते.

माझं म्हणणं मालकाचे पैसे काढून घ्या असं नाही. पण ज्या मदतीचं नाव 'पेरणीसाठी' आहे, ती पेरणाऱ्यापर्यंत जावी. सही मिळत नसेल, तर कोणतं शेत कोण कसतं हे ग्रामसभेत शेजारच्या शेतकऱ्यांना विचारा. गावाला ते माहीत असतं. फक्त कागदाला माहीत नसतं.